भातखाचरातला मिथेन

पाणी साचलेल्या भातखाचरातील चिखलात ऑक्सिजन नसतो. तिथले सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. 1990 मधील एका अमेरिकी अंदाजानुसार भारतीय भातशेतीतून वर्षाला सुमारे 3 कोटी 80 लाख टन मिथेन निघत होता. तापमानवाढीचा मोठा दोष आपल्या शेतकऱ्याच्या माथी येत होता. आधार मात्र परदेशी शेतांतील मोजमापांचा!

1991 मध्ये डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली देशात ठिकठिकाणी प्रत्यक्ष मोजणी झाली. रोपांवर पारदर्शक पेटी पालथी घालायची, ठरावीक वेळाने सिरिंजने आतली हवा काढायची आणि मिथेन किती वाढला ते तपासायचे. उत्तर आले सुमारे 40 लाख टन. पावसावरची अनेक खाचरे मधूनमधून सुकतात. मातीत हवा शिरते आणि मिथेन घटतो. परक्या शेताचे माप आपल्या शेताला कसे चालेल?