कोफ्त्याची कुळकथा

मधुमेहाच्या धास्तीनें हल्लीं मध्यमवर्गीय घरांतून पिष्टमय पदार्थांविरुद्ध मोठी मोहीम सुरू झाली आहे. पोळी मोजून, भात चमच्यानें, साखर तर हद्दपार. आणि या मोहिमेबरोबर परदेशी पाककृतींची एक फौजहि स्वयंपाकघरांत शिरली आहे. ग्रीक धर्तीचे, पाव न घातलेले खिम्याचे गोळे हा त्या फौजेंतलाच एक शिपाई. बीडच्या आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत डॉक्टरांच्या सल्ल्यानंतर या गोळ्यांचा प्रवेश झाला, तेव्हां घरांतील वडील मंडळींनीं हा कुठला नवा परदेशी थाट म्हणून नाक मुरडलें. पदार्थ नवा आहे काय, व परका आहे काय, असे दोन प्रश्न त्यांतून निघाले. त्यांचीं उत्तरें देण्याचा येथें प्रयत्न आहे. निरामिष वाचकांनीं क्षमा करावी. इतिहास सोवळें पाळीत नाहीं.

ग्रीक लोक या गोळ्यांस 'केफ्तेदेस' म्हणतात. नांव ऐकतांच आपणांस ओळखीचें वाटतें, आणि तें वाटणें खरें आहे. ग्रीक शब्द तुर्की 'क्योफ्ते'वरून आला, तुर्की शब्द फारसी 'कोफ्ता'वरून, आणि कोफ्ता म्हणजे 'कोफ्तन' या क्रियापदापासून झालेलें रूप : कुटलेलें. (मराठी 'कुटणें'शीं याचें जें ध्वनिसाम्य आहे, त्यावर व्युत्पत्तीचा इमला चढविण्याचा मोह आवरावा, हे दोन शब्द निरनिराळ्या कुळांतले आहेत.) कुटलेल्या मांसास ग्रीक भाषेंत 'किमास' म्हणतात. आपला 'खिमा' आणि हा 'किमास' यांचें मूळ एकाच तुर्की शब्दांत आहे. म्हणजे भांड्यांत टाकावयाचा जिन्नस आणि भांड्यांतून निघणारा पदार्थ या दोहोंचीं नांवें बीड आणि अथेन्स या दोन्ही ठिकाणीं एकाच घराण्यांतून आलेलीं आहेत.

कांहीं उत्साही मंडळींना येथें वेगळीच कल्पना सुचण्याचा संभव आहे. कार्ल्याच्या लेण्यांत 'यवन' दात्यांचे लेख आहेत. बीडच्या शेजारचें तेर, म्हणजे प्राचीन तगर, हें नांव इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवृत्तांत येतें, आणि तेथील माल बैलगाड्यांनीं भडोचच्या बंदरास जात असे. मग कोफ्ताहि याच वाटेनें ग्रीकांबरोबर आला असेल कीं! दुर्दैवानें शब्दाचा प्रवास नेमका उलट दिशेचा आहे. कॉन्स्टँटिनोपल १४५३ मध्यें पडलें, आणि १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धापर्यंत ग्रीस बव्हंशीं तुर्कांच्या अमलाखालीं राहिला. त्या शतकांत हें नांव तिकडे रुजलें. पुढें १९२३ च्या करारान्वयें दहा लाखांहून अधिक ग्रीक निर्वासित आशिया मायनरमधून मायभूमींत आले. स्मर्ना शहराकडील निर्वासितांनीं जिरें-लसूण घातलेले लांबट गोळे आपल्याबरोबर आणले, आणि ते आज ग्रीक खाद्यांत मानानें मिरवितात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत निकोलाओस त्सेलेमेंतेस या ग्रीक पाककोविदानें आपल्या देशाचा स्वयंपाक पूर्वेकडील मसाल्यांपासून 'शुद्ध' करण्याचा विडा उचलला होता. त्याच्या पुस्तकाचा खप प्रचंड झाला, आणि तरीहि जिरें ग्रीसमध्यें टिकून राहिलें. स्वयंपाकघरांतील राष्ट्राभिमान हा प्रकार आपल्याकडेहि वाढत असल्यामुळें हें उदाहरण मुद्दाम दिलें.

आतां पावाविषयीं. आजच्या ग्रीक घरांत या गोळ्यांत भिजविलेला शिळा पाव बहुधा घालतातच. ही चाल मात्र तुर्कांची देणगी मानण्याचें कारण नाहीं. अपिशियसच्या नांवावर मोडणाऱ्या रोमन पाकग्रंथांत कुटलेल्या मांसांत मद्यांत भिजविलेला पांढऱ्या पावाचा गर मिसळून गोळे करावयास सांगितलें आहे. भूमध्य समुद्राकांठीं गव्हाचा पाव मुबलक आणि मांस महाग. शिळा पाव वायां जात नाहीं, गोळा मऊ होतो, आणि दोघांचें मांस चौघांस पुरतें. ही काटकसरीची युक्ति आहे आणि ती स्तुत्यच आहे. पण गोळा जुळण्यासाठीं पाव हवाच असें तीवरून सिद्ध होत नाहीं.

याचा पुरावा आपल्याकडे आहे, आणि तो अनपेक्षित जागीं आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत 'वेसवार' नांवाची एक कृति येते. हाडें काढलेलें मांस चांगलें वाफवावें, पाट्यावर पुन्हां वाटावें, त्यांत पिंपळी, सुंठ, मिरीं, गूळ आणि तूप घालून शिजवावें. धान्याचा एक कणहि त्यांत नाहीं. गूळ आहे, तेव्हां आजचे डॉक्टर त्यास सरसकट संमति देणार नाहींत हें खरें. परंतु वाटलेलें मांस पिठाच्या आधारावांचून एकजीव होतें हें जुन्या वैद्यांस पक्कें ठाऊक होतें.

या 'वेसवार' शब्दाचें पुढें काय झालें? संस्कृतांतच त्याचा दुसरा अर्थ वाटलेला मसाला असा होता. मराठवाड्यांत ज्यांचें बालपण गेलें त्यांना येसूर किंवा येसर हा शब्द सांगावा लागणार नाहीं. लग्नकार्यांतल्या येसराच्या आमटीचा वास त्यांच्या स्मरणांत असेलच. हा येसूर म्हणजे भाजलेलीं धान्यें, डाळी आणि मसाले एकत्र दळून केलेली पूड. जुन्या मराठींतील 'येसवार' हें रूप पाहिलें असतां तो सुश्रुताच्या वेसवाराचाच वंशज आहे याविषयीं आम्हांस शंका वाटत नाहीं. गंमत अशी कीं, सुश्रुताच्या वेसवारांत मांस होतें व धान्य नव्हतें. बीडच्या येसुरांत धान्य आहे व मांस नाहीं. कोरडवाहू बालाघाटांत ज्वारी-बाजरी हेंच जीवन. तेथें शब्दानें आपलें पोट बदललें यांत नवल तें काय?

मधल्या काळाचे टप्पे थोडक्यांत सांगतां येतील. कल्याणीच्या चालुक्यांचें राज्य मराठवाड्यावर होतें. त्या घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'ंत, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, कुटलेल्या मांसाचे मसालेदार गोळे तळण्याची माहिती सांपडते. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं, १२२६ मध्यें, बगदादच्या पाकग्रंथांतहि मांसाचे गोळे दिसतात. आणि माळव्यांत मांडूच्या गियासशाही सुलतानाच्या 'निअमतनाम्यां'त, पंधराव्या शतकाच्या अखेरीस, कोफ्ता हें नांव आपल्या भूमीवर लिहिलेलें आढळतें. यावरून दिसतें तें एवढेंच कीं, नांव बाहेरून आलें, कृति येथें पूर्वींच होती, आणि दोघांची गांठ दक्षिणेंत पडली. बहामनी, निजामशाही, मोगल आणि मग १९४८ पर्यंत हैद्राबादचा निजाम, इतक्या अमलांखालून गेलेल्या बीडास ही गांठ कोणीं शिकवावयास नको होती.

बीडचा या प्रकरणाशीं आणखी एक चमत्कारिक संबंध जोडतां येईल. फिरिश्ता सांगतो कीं, महंमद तुघलकाचा एक दांत बीडच्या मुक्कामीं पडला, आणि त्या लहरी सुलतानानें तो तेथेंच समारंभपूर्वक पुरून त्यावर घुमट बांधविला. दांताची ही कबर बीड जिल्ह्यांत अद्याप दाखवितात. कुटलेल्या मांसाची खरी कदर अशा गिऱ्हाइकांस! त्या रात्रीं सुलतानाच्या ताटांत काय वाढलें होतें हें फिरिश्त्यानें लिहून ठेवलें असतें, तर आमचें काम पुष्कळ हलकें झालें असतें.

दक्षिणी कोफ्त्यांत पावाच्या जागीं भाजलेलें डाळें आणि खसखस वाटून घालतात. चव उत्तम येते. परंतु डाळ्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पिष्टमयच असतो, हें पथ्य करणारांनीं विसरूं नये. अर्ध्या किलो खिम्यास दोन चमचे डाळें हें दोन पाव-तुकड्यांपेक्षां पुष्कळ कमी, इतकेंच. मुळींच नको असेल तर शब्दाच्या मूळ अर्थाकडे वळावें. अर्धा किलो बोकडाचा खिमा थंड असतांनाच त्यांत चहाचा एक चमचा मीठ घालून पाट्यावर किंवा परातींत चार-पांच मिनिटें रगडावा. मिठानें स्नायूंतील प्रथिनें विरघळतात आणि रगडण्यानें त्यांचें चिकट जाळें बनतें. बोटांस खिमा चिकटूं लागला कीं तें झालें असें समजावें. मग एक अंडें, किसून घट्ट पिळलेला एक कांदा, लसूण, मिरपूड, जिरेंपूड आणि मूठभर चिरलेला पुदिना. कांदा पिळला नाहीं तर पाणी सुटून गोळा फुटतो, आणि मग लोक पावाची आठवण काढतात. ग्रीक लोक यांत रिगानी नांवाची वाळलेली पाती चुरडतात. तिच्या वासाचें जें द्रव्य तेंच थोड्याबहुत प्रमाणांत आपल्या ओव्यांतहि असतें. चिमूटभर ओवा चुरडून टाकल्यास बीडच्या बाजारांत रिगानी शोधीत हिंडावें लागत नाहीं. लिंबाएवढे गोळे करून तासभर थंड जागीं ठेवावे, आणि तव्यावर थोड्या तेलांत, आंत गुलाबी रंग राहणार नाहीं इतपत, सर्व बाजूंनीं परतावे.

तिखट रश्श्यांत सोडले तर हेच गोळे दक्षिणी होतात. मग ते भाकरीशीं खावयाचे, आणि भाकरी हातांत आली कीं वांचविलेलें सर्व पिष्ट सव्याज परत येतें! त्याऐवजीं ग्रीक लोकांप्रमाणें दही, काकडी आणि लसूण यांची कोशिंबीर बरोबर घ्यावी. तिचेंहि ग्रीक नांव तुर्कीवरूनच आलेलें आहे, आणि आपल्या घरच्या कोशिंबिरीपेक्षां ती फारशी वेगळी नाहीं. मात्र आपल्या हाताला संवय असलेली साखरेची चिमूट तींत टाकूं नये.