पाटण आणि बहाळ : दोन शिलालेखांतील एक घराणे

कोण कोणाचा काय लागतो हे ठरविण्याची आपल्या लोकांना उपजतच हौस आहे. चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव आणि गुंड्याभाऊंची मालिका १९७७ च्या सुमारास मुंबई दूरदर्शनवरून दाखविली जाऊ लागली. अशी एखादी मालिका चालू असली म्हणजे गोष्ट कोठवर आली ह्यापेक्षा 'हा हिचा कोण?' हा प्रश्न वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी आधी येतो. आणि तो मुळीच गैर नव्हे. नाते समजले म्हणजे कोणी कोणाची थट्टा करावी आणि कोणी कोणापुढे गप्प बसावे, याचा उलगडा आपोआप होतो.

इतिहासातही हाच प्रश्न पदोपदी उभा राहतो. फरक इतकाच की, मालिकेचा लेखक प्रेक्षकांना नाती समजावून देतो. शिलालेख कोरविणाऱ्याच्या मनात मात्र आठशे वर्षांनंतरचे आपण नसतो. त्याला जेवढे सांगावयाचे तेवढे तो सांगतो. उरलेले आपण जुळवावयाचे असते. अशा जुळवाजुळवीचा एक उत्तम नमुना आपल्या जळगाव जिल्ह्यातच, चाळीसगाव तालुक्यात आहे.

या तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत पाटण नावाचे जुने ठिकाण आहे. आज आपण त्यास पाटणादेवी म्हणून ओळखतो. तेथील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणिला व १८६५ च्या सुमारास त्याची माहिती विद्वानांपुढे मांडली. लेख शके ११२८ चा आहे. थोर गणिती भास्कराचार्य व त्यांच्या कुळातील इतर पंडित यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी चांगदेव नावाच्या ज्योतिष्याने येथे एक मठ स्थापिला, आणि यादवांचे मांडलिक निकुंभ राजे सोईदेव व हेमाडिदेव यांनी त्यास दाने दिली, असा त्याचा आशय आहे. लेख संस्कृतात असून शेवटी मठाच्या उत्पन्नाच्या ओळी मात्र जुन्या मराठीत आहेत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ह्या लेखात चांगदेवाने आपली वंशावळ दिली आहे. त्रिविक्रम, त्याचा पुत्र भास्करभट्ट, मग क्रमाने गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कराचार्य, लक्ष्मीधर आणि स्वतः चांगदेव, अशा ह्या नऊ पिढ्या होत. येथे पहिली सावधगिरी बाळगावी लागते. घराण्यात भास्कर दोन आहेत. भोजराजाकडून 'विद्यापति' ही पदवी मिळविणारा भास्करभट्ट हा ग्रंथकार भास्कराचार्य नव्हे. तो त्यांच्या खापरपणजोबांचा पिता. नावावरून माणूस ओळखू गेले की असा घोटाळा होतो. म्हणून नावाबरोबर बापाचे नावही पाहावे.

दुसरा लेख त्याच तालुक्यातील, गिरणाकाठच्या बहाळचा. तो शके ११४४ चा. यादवराजा सिंघणाच्या दरबारच्या अनंतदेव नावाच्या ज्योतिष्याने तेथे भवानीचे देऊळ बांधविले. त्याची वंशावळ अशी : मनोरथ, महेश्वर, श्रीपति, गणपति, अनंतदेव. ह्या लेखात भास्कराचार्यांचे नाव नाही. मग हा त्यांचा कोणी लागतो की नाही?

आता दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. दोहींत मनोरथाचा पुत्र महेश्वर आहे. चांगदेव व अनंतदेव दोघेही सिंघणाच्या आश्रयाचे ज्योतिषी. दोघांचे गाव एकाच परगण्यात. आणि दोन लेखांमध्ये अंतर अवघे सोळा वर्षांचे. शिवाय बहाळच्या लेखातील श्लोक रचणाऱ्या अनंतदेवाच्या धाकट्या भावाचे नावही महेश्वर, म्हणजे पणजोबांचेच नाव पणतवास ठेविलेले! इतके धागे जुळल्यावर दोन्ही महेश्वर एकच मानण्यास हरकत उरत नाही. तेव्हा श्रीपति हे भास्कराचार्यांचे सख्खे भाऊ ठरतात. लक्ष्मीधर व गणपति हे चुलतभाऊ. चांगदेव व अनंतदेव हे चुलत चुलतभाऊ. आणि अनंतदेवाचे भास्कराचार्य हे चुलत आजोबा. कालगणनाही जुळते. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधील. त्यांच्या नातवाचा लेख ९२ वर्षांनंतरचा. दोन पिढ्यांस हे अंतर योग्यच आहे.

आता ज्या नात्याविषयी सर्वांस कुतूहल असते, त्याकडे वळू. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या. घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला, आणि तिच्या सांत्वनासाठी पित्याने ग्रंथ रचिला, ही कथा आपण सर्वांनी ऐकिली आहे. ती आपल्यापर्यंत आली ती फैजीने अकबराच्या आज्ञेवरून १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या वाटेने, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेंहून अधिक वर्षांनी. ग्रंथात 'बाले' असे संबोधन येते खरे. पण बाला म्हणजे अल्पवयी मुलगी. ती आपली अंडेर असेल, वा कोणाचीही. त्याच ग्रंथात 'गणक' आणि 'सखे' अशीही संबोधने आहेत. 'सखे' ह्या शब्दाने मराठी वाचक हमखास फसतो. आपणांस वाटते, ही मैत्रिणीला हाक. संस्कृतात मात्र 'सखे' ही मित्राला, पुरुषाला मारलेली हाक होय. मैत्रिणीस 'सखि' म्हणतात. एकाच पुस्तकात इतक्या निरनिराळ्या हाका असता, त्यांपैकी एकीवरून नाते ठरविणे धोक्याचे आहे.

तर मग लीलावती नव्हतीच, असे म्हणावे काय? तसेही म्हणता येत नाही. पाटणच्या वंशावळीत मुलगी नाही. पण त्या वंशावळीत कोणाचीच मुलगी नाही, आईही नाही. बापापासून मुलाकडे जाणाऱ्या यादीत स्त्रीला जागाच ठेविलेली नसते. ज्या यादीत लेकींची नावे लिहिण्याची रीतच नाही, तिच्यात एका लेकीचे नाव नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

तथापि खानदेशचे दगड स्त्रियांविषयी सर्वस्वी मुके आहेत असेही नाही. पाटणच्याच महादेवाच्या देवळात निकुंभांचा शके १०७५ चा लेख आहे. राजा इंद्रराजाच्या मृत्यूनंतर त्याची राणी श्रीदेवी हिने पुत्र गोवन अल्पवयी असताना राज्य सांभाळिले, हे त्यात नमूद आहे. तिच्या हाती कारभार आला म्हणून ती दगडावर आली. गणितज्ञांच्या घरातील स्त्रियांच्या हाती तसा कारभार आला नाही. त्यांची नावे त्यांच्याबरोबर गेली.

नाती लावताना म्हणूनच तीन गोष्टी जपाव्या : नावाबरोबर बापाचे नाव ताडून पाहावे; हाकेवरून नाते ठरवू नये; आणि मौनाचा अर्थ नकार असा करू नये. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, भाटांनी सांगितलेली वा आजोबांनी उतरवून ठेविलेली, एखादी वंशावळ असेल. ती आज काढून पाहा. तिच्यात लेकी-सुनांची नावे नसतील, तर घरातील वृद्धांच्या स्मरणात ती आहेत तोवर, त्यांच्या माहेरच्या गावांसह लिहून घ्या.