कापूस पट्ट्यातील कारखाना व बॉयलर सुरक्षा : कायदा आणि अंमलबजावणी
(मोहगाव–सौसर–पांढुर्णा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

सातपुड्याचा घाट उतरून दक्षिणेकडे आले की छिंदवाडा भागाची जमीन बदलते, पीक बदलते आणि भाषाही बदलते. मोहगाव, सौसर, पांढुर्णा हा काळ्या जमिनीचा, कापसाचा, संत्र्यांचा आणि मराठी बोलणाऱ्यांचा टापू. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी त्याचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या राज्यातून चालत असे. राज्यपुनर्रचनेनंतर तो नव्या मध्य प्रदेशात राहिला. छिंदवाडा जिल्ह्यातून सौसर व पांढुर्णा हे तालुके वेगळे काढून ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला.

कामगार कायद्यांचा इतिहास बहुधा मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू होतो आणि तेथेच संपतो. परंतु त्या गिरण्यांना लागणारी रुई ज्या जिनिंग-प्रेसिंगमधून जात असे, तेथील मजुरांपर्यंत कायदा कधी व कसा पोहोचला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात कारखाना कायदा आणि बॉयलर कायदा यांचा प्रवास कापूस पट्ट्यातील हंगामी मजुराच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

जिनमधील काम व धोका

वेचलेल्या कापसातून सरकी वेगळी करणे म्हणजे जिनिंग आणि निघालेली रुई दाबून गाठी बांधणे म्हणजे प्रेसिंग. वाफेच्या काळात एका इंजिनावर सगळा कारखाना चाले. इंजिनाला वाफ पुरविणारा बॉयलर एका बाजूस असे. इंजिनाची गती लांबलचक शाफ्ट व चामड्याचे पट्टे यांमधून रांगेतल्या प्रत्येक जिनपर्यंत नेलेली असे. जिनवर कापूस टाकणे, खाली पडलेली सरकी ओढणे, झाडलोट करणे ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करीत आणि त्यांच्याबरोबर मुलेही असत.

येथे धोका दोन प्रकारचा होता. पहिला बॉयलरचा. साध्या हवेच्या दाबाखाली पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सोळाशे पटींहून अधिक होते. ती बंद भांड्यात कोंडलेली असताना पत्रा गंजला, पाणी कमी झाले किंवा सुरक्षा झडप अडकली, तर क्षणात स्फोट होतो. दुसरा धोका फिरणाऱ्या यंत्राचा. पदर, केस किंवा बोट शाफ्टमध्ये वा पट्ट्यात सापडले की माणूस ओढला जातो. पहिल्या धोक्यात मालकाची इमारत, यंत्रे व माणसे एकदम जातात. दुसऱ्यात एका मजुराचा हात जातो. पुढील इतिहास समजून घेताना हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

कारखाना कायदा आणि हंगामाची पळवाट

हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यामागे सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या सुधारकांचा आग्रह होता, तसाच हिंदी गिरण्यांच्या स्पर्धेची धास्ती घेतलेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा दबावही होता. यंत्रांना कुंपण घालणे आणि अपघाताची वर्दी देणे या तरतुदी त्यात होत्या. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा आली. मात्र यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या, शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आणि वर्षातून किमान चार महिने चालणाऱ्या कारखान्यांनाच तो लागू होता. जिनिंगचा धंदा कापसाच्या हंगामापुरता. त्यामुळे चार महिन्यांच्या आत काम उरकणारा जिन कायद्याच्या दृष्टीने कारखानाच नव्हता.

याचा परिणाम खानदेशात दिसून आला. १८८४-८५ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या मुलॉक समितीपुढे तेथील जिनिंग कारखान्यांची जी हकिगत आली, तीत स्त्रिया पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत आणि ऐन हंगामात रात्रंदिवस राबत असल्याचे पुढे आले. तरीही १८९१ च्या दुरुस्तीने कामगारसंख्येची अट पन्नासवर आणताना हंगामी कारखान्यांचा प्रश्न तसाच ठेवला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीतून मुंबईच्या गिरणी कामगाराला १८९० मध्ये साप्ताहिक सुटी मिळाली. जिनमधील मजूर विखुरलेला, हंगामी आणि गावोगावचा. त्याच्या मागे अशी संघटना नव्हती.

चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने १९११ च्या कायद्याने प्रथम कक्षेत आले. पण त्याच कायद्याने स्त्रियांना रात्री कामावर ठेवण्यास बंदी करताना जिनिंग-प्रेसिंगला सूट दिली. १९१९ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनंतर १९२२ चा कायदा आला आणि कामगारसंख्येची अट वीसपर्यंत खाली आली. १९३४ च्या कायद्याने बारमाही व हंगामी अशी विभागणी केली. बारमाही कारखान्यात दिवसाला दहा व आठवड्याला चौपन्न तास. हंगामी कारखान्यात अकरा व साठ. कापसाचे जिनिंग हंगामी वर्गात गेले. म्हणजे हंगामी मजूर कायद्यात आला, पण त्याचा दिवस एक तासाने लांबच राहिला.

बॉयलरचा कायदा : आधी दाखला, मग वाफ

बॉयलरच्या बाबतीत सरकारची भूमिका वेगळी होती. कलकत्त्यातील एका भीषण स्फोटानंतर बंगालने १८६४ मध्ये, म्हणजे पहिल्या कारखाना कायद्याच्या सतरा वर्षे आधी, बॉयलर तपासणीचा कायदा केला. पुढे प्रांतोप्रांती वेगवेगळे कायदे झाले. एका प्रांतात चालणारा बॉयलर दुसऱ्या प्रांतात बाद ठरू लागला, तेव्हा सर्वांसाठी १९२३ चा हिंदी बॉयलर कायदा करण्यात आला. तो १ जानेवारी १९२४ पासून अमलात आला.

या कायद्याची रचना अभ्यासण्यासारखी आहे. पाच गॅलनपेक्षा अधिक मापाच्या प्रत्येक बॉयलरची नोंदणी सक्तीची झाली. नोंदणीचा क्रमांक बॉयलरवर कायमचा कोरावा लागे. निरीक्षकाने तपासून दाखला दिल्याखेरीज बॉयलर पेटविता येत नसे आणि दाखल्याची मुदत बारा महिन्यांहून अधिक नसे. तपासणीत बॉयलर पाण्याने भरून नेहमीपेक्षा जास्त दाब दिला जाई; पाणी वाफेसारखे प्रसरण पावत नसल्याने पत्रा कमकुवत असला तर स्फोट न होता गळती कळते. अपघात घडल्यास चोवीस तासांत वर्दी देणे बंधनकारक होते. सुरक्षा झडपेशी छेडछाड हा गुन्हा होता. येथे कामगार किती आहेत किंवा कारखाना किती महिने चालतो, हा प्रश्नच नव्हता. एका माणसाच्या कारखान्यातही बॉयलर हा बॉयलरच.

कारखाना कायद्याचा मार्ग याच्या उलट होता. आधी काम सुरू होई, मग कधीतरी निरीक्षक येई आणि उल्लंघन आढळल्यास खटला भरला जाई. सुरुवातीला तर स्वतंत्र निरीक्षकही नव्हते; जिल्हा मॅजिस्ट्रेटच पदसिद्ध निरीक्षक. महसूल, न्याय, दुष्काळ, बंदोबस्त सांभाळून ज्या अधिकाऱ्याने कारखाने पाहायचे, तो जिन कितीदा पाहणार? १९०८ च्या कारखाना कामगार आयोगानेही या पदसिद्ध तपासणीतील उणिवा दाखविल्या होत्या. बॉयलरचा मालक दाखल्यासाठी स्वतःहून निरीक्षकाला बोलावीत असे, कारण दाखल्यावाचून धंदा बंद. मजुराच्या हाताचा असा कोणताही दाखला नव्हता.

या काळात सर्वच मालक उदासीन होते असे मात्र नाही. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाईची योजना सुरू केली. सरकारचा कामगार भरपाई कायदा त्यानंतर २८ वर्षांनी, १९२३ मध्ये झाला. पण मालकाची सहृदयता हा गिरणीपुरता अपवाद होता आणि अपवादावर धोरण उभे राहत नाही.

१९४८ चा कायदा आणि भाषेचा प्रश्न

१९४८ च्या कारखाना कायद्याने बराच पल्ला गाठला. यांत्रिक शक्ती असल्यास दहा आणि नसल्यास वीस कामगार पुरेसे ठरले. हंगामी-बारमाही भेद गेला. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरले. कारखान्याची जागा व आराखडा मंजूर करून घेणे आणि परवाना घेणे या तरतुदींची सोय झाली, म्हणजे बॉयलर कायद्यातील ‘आधी परवानगी’ हे तत्त्व काही अंशी इकडे आले. कलम २७ तर थेट कापूस पट्ट्यासाठीच होते. प्रेसिंग कारखान्यात कापूस मोकळा करणारे ओपनर यंत्र चालू असलेल्या भागात स्त्रिया व मुलांना काम देण्यास त्याने मनाई केली. कापूस आत टाकण्याची बाजू छतापर्यंतच्या भिंतीने वेगळी केलेली असेल, तरच त्या बाजूस मुभा होती.

याच कायद्याच्या कलम १०८ कडे भाषेच्या अभ्यासकांचेही लक्ष जावयास हवे. सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळ लावाव्यात, असे त्यात म्हटले होते. राज्याची भाषा कोणती हा निकष नव्हता. कामगाराची कोणती, हा होता. मोहगाव-सौसरच्या कामगाराच्या घरी मराठी, सरकारदरबारी हिंदी आणि कायद्याच्या पुस्तकात इंग्रजी. अशा सीमावर्ती भागात ही तरतूद केवळ औपचारिक नव्हती. ‘चालू यंत्राला हात लावू नका’ ही ओळ ज्याच्यासाठी लिहिली, त्याला ती कळली नाही, तर ती न लिहिल्यासारखीच होते.

भोपाळनंतर

मध्य प्रदेशातच या व्यवस्थेची कठोर परीक्षा झाली. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. तो इशारा पुरेसा मानला गेला नाही. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेटच्या गळतीने हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले. धोक्याची माहिती कामगारांना व आसपासच्या लोकांना देणे मालकावर बंधनकारक झाले आणि धोका नजरेस आल्यास तो कळविण्याचा हक्क कामगाराला मिळाला. निरीक्षक वर्षातून एकदा येतो, कामगार रोज तेथेच असतो. हे कायद्याने प्रथमच एवढ्या स्पष्टपणे मान्य केले.

दरम्यान जिनिंगमधून वाफेचे इंजिन गेले; तेल इंजिने व विजेच्या मोटारी आल्या. बॉयलरचा धोका संपला, ही गोष्ट चांगलीच झाली. पण बॉयलरबरोबर बॉयलर निरीक्षकाची सक्तीची वार्षिक फेरीही गेली. फिरणारी यंत्रे, रुईची धूळ, आगीचे भय आणि हंगामी मजूर हे सर्व मात्र राहिले.

२०२५ मध्ये दोन्ही जुने कायदे बाजूला झाले. १९२३ च्या बॉयलर कायद्याची जागा बॉयलर कायदा, २०२५ ने घेतली. जीवित व वित्तहानी होऊ शकेल अशा गंभीर गुन्ह्यांसाठी फौजदारी शिक्षा त्यात कायम आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू होऊन १९४८ चा कायदा तीत विलीन झाला. नव्या व्याख्येनुसार कारखाना ठरण्यासाठी विजेसह वीस व विजेविना चाळीस कामगार लागतात. दहा कामगारांच्या आस्थापनेस संहितेच्या सर्वसाधारण तरतुदी लागू असल्या, तरी ‘कारखाना’ या शब्दाचा उंबरठा १९४८ पूर्वीच्या आकड्यावर परतला आहे. छोट्या जिनसाठी याचा अर्थ काय, हे अंमलबजावणीतूनच ठरेल.

समारोप

या संपूर्ण प्रवासातून एक गोष्ट स्पष्ट होते. बॉयलरचे संरक्षण लवकर व पक्के झाले, कारण त्याला क्रमांक होता, दाखला होता आणि दाखल्यावाचून तो चालत नसे. मजुराचे संरक्षण उशिरा व अर्धवट झाले, कारण ते माणसांच्या संख्येवर, हंगामाच्या लांबीवर आणि निरीक्षकाच्या सवडीवर अवलंबून होते. जेथे सुरक्षा ही काम सुरू होण्याची पूर्वअट बनली, तेथे कायदा टिकला. जेथे ती नंतरची चौकशी राहिली, तेथे तो कागदावर राहिला.

पांढुर्णा-सौसर परिसरातील जुन्या जिनांच्या हजेरीपुस्तिका, अपघाताच्या नोंदी आणि तेथे राबलेल्या वृद्ध स्त्रीपुरुषांच्या आठवणी हे या इतिहासाचे खरे साधन आहे. स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास, अर्थशास्त्र व भाषा विभागांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने हे साहित्य वेळीच गोळा केले, तर कायद्याच्या कलमांत न आलेले अनेक हात इतिहासात तरी नोंदले जातील.