एका नावाची दोन गावे, एका पत्त्याचे दोन राउटर

३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहायला आले, त्याचे नाव तेव्हा सेवाग्राम नव्हते. ते होते शेगाव. काहीजण सेगाव असेही लिहीत. वर्धा शहरापासून सात-आठ किलोमीटरवरचे हे लहानसे खेडे. गांधीजींच्या मागोमाग तेथे देशभरातून आणि परदेशातूनही टपाल येऊ लागले, आणि एक अडचण उभी राहिली. बुलढाणा जिल्ह्यात, त्याच रेल्वेमार्गावर, गजानन महाराजांचे शेगाव होतेच. इकडची पत्रे तिकडे जाऊ लागली. अखेर १९४० मध्ये गांधीजींच्या गावाचे नाव बदलून ‘सेवाग्राम’ करण्यात आले.

या गोंधळात चूक कोणाची होती? दोन्ही गावांची नावे जुनी होती. आपापल्या पंचक्रोशीत ती चांगली चालत होती. टपाल खातेही आपले काम नेमाने करीत होते. गावांची वर्तुळे वेगळी होती तोवर नाव एक असल्याने काही बिघडत नव्हते. दोन्ही गावे एकाच टपालव्यवस्थेत ठळकपणे आली, तेव्हा मात्र एक नाव पुरेना. म्हणजे पत्ता एकमेव असावा लागतो, पण तो कोणत्या वर्तुळात एकमेव हवा, हे आधी ठरवावे लागते.

स्वतंत्र भारतात टपाल खात्याने यावर सर्वांसाठी उपाय काढला. संस्कृत कवी आणि टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. सेवाग्रामचा पिनकोड ४४२१०२, तर बुलढाण्याच्या शेगावचा ४४४२०३. आता नावे सारखी असती तरी पत्र चुकले नसते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवू या. हे क्रमांक प्रत्येक गावाने आपल्या मनाने घेतले नाहीत. एका खात्याने ते वाटून दिले.

आता वर्धा जिल्ह्यातल्याच एका शिक्षकाच्या घरी जाऊ. खाली इंटरनेट कंपनीने बसवून दिलेली पेटी. जाड भिंतींमुळे वरच्या मजल्यावर वायफाय पोहोचत नव्हते, म्हणून त्यांनी बाजारातून दुसरा राउटर आणला आणि तारेने खालच्या पेटीला जोडला. त्या दिवसापासून घरात विचित्र प्रकार सुरू झाला. एक मोबाइल चाले, दुसरा चालत नसे. मुलीचा परीक्षेचा अर्ज भरता भरता मध्येच अडके. राउटर बंद करून सुरू केला की घटकाभर बरे, पुन्हा तेच. ‘राउटर खराब आहे, नवा घ्या,’ असा सल्ला मिळाला. आम्ही गेलो तेव्हा तिसऱ्या राउटरसाठी पैसे बाजूला काढून ठेवलेले होते.

आम्ही वरचा राउटर काढला, तर खालचा उत्तम चालला. म्हणजे यंत्रे धडधाकट होती. खालची पेटी हाही एक राउटरच आहे, हे मात्र घरात कोणाला ठाऊक नव्हते. आणि दोघांचाही पत्ता एकच होता: १९२.१६८.१.१. पुन्हा शेगाव आणि शेगाव!

दोन वेगळ्या कारखान्यांतून आलेल्या यंत्रांवर एकच पत्ता कसा? यामागे इतिहास आहे. इंटरनेटवरील पत्त्याची आज रुळलेली पद्धत १९८१ मध्ये ठरली. पत्ता ३२ अंकी द्विमान संख्येचा, म्हणून एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. तेव्हा संगणक विद्यापीठांत आणि मोठ्या संस्थांत असत. इतके पत्ते संपतील असे वाटत नव्हते. दहा वर्षांतच ते पुरणार नाहीत हे दिसू लागले.

त्यावर दोन तोडगे निघाले. मे १९९४ मध्ये एगेव्हांग आणि फ्रान्सिस या अभियंत्यांनी पत्ता बदलून देण्याची युक्ती मांडली. घरातील सगळ्या यंत्रांची मागणी राउटर स्वतःच्या एका पत्त्यावरून बाहेर पाठवतो आणि आलेले उत्तर ज्याचे त्याला पोहोचवतो. वसतिगृहातील सर्व मुलांचे टपाल अधीक्षकांच्या नावे यावे आणि त्यांनी ते खोल्याखोल्यांत वाटावे, तसे. दुसरा तोडगा फेब्रुवारी १९९६ मधील. काही पत्ते ‘खाजगी’ म्हणून राखून ठेवले गेले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे कोणीही आपल्या घरात, कोणालाही न विचारता वापरावेत. वसतिगृहे कितीही असोत, प्रत्येकात ‘खोली क्रमांक ३’ असायला हरकत नसते.

त्याच १९९६ च्या निवेदनात एक इशाराही होता. अशी दोन खाजगी जाळी पुढे जोडावी लागली तर पत्ते एकमेकांवर आदळतील. म्हणून राखीव पत्त्यांतून यादृच्छिक निवड करावी. पण कारखान्यात लाखो यंत्रे तयार करायची, तर सर्वांत एकच पत्ता घालणे सोयीचे पडते. त्यामुळे घरगुती राउटरवर १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हेच पत्ते फार वेळा आढळतात. १९४० मध्ये एका गावाचा प्रश्न होता, आता तो घरोघरी आला.

दुसरी कटकट वाटपाची. १९९३ मध्ये डीएचसीपी नावाची पद्धत आली. जाळ्यात शिरलेले यंत्र ‘मला पत्ता द्या’ असे ओरडून विचारते. राउटर त्याला पत्ता देतो आणि ‘बाहेर जायचे दार कोणते’ हेही सांगतो. घरात दोन राउटर असले की दोघेही उत्तर देतात, आणि ज्याचे आधी पोहोचेल त्याचे बहुधा मान्य होते. वरच्या राउटरचे ऐकणारा मोबाइल त्यालाच दार समजे. पण वरच्या राउटरला बाहेरची वाट नव्हतीच. शिवाय दोघांकडून दोन यंत्रांना एकच पत्ता मिळण्याचा संभव, तो वेगळा.

दुरुस्ती चार पायऱ्यांची झाली. वरचा राउटर एकट्या संगणकाला जोडून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, खालची पेटी हा पत्ता दुसऱ्या कोणाला देणार नाही, एवढे पाहिले. वरच्याचे पत्तेवाटप बंद केले. मग खालून येणारी तार त्याच्या इंटरनेटसाठीच्या वेगळ्या खाचेत न लावता, घरातील यंत्रांसाठीच्या साध्या खाचेत लावली. शेवटी दोघांच्या वायफाय वाहिन्या वेगळ्या केल्या, एकाची १ आणि दुसऱ्याची ६, कारण २.४ गिगाहर्ट्झमध्ये जवळच्या वाहिन्या एकमेकींवर चढतात. पाऊण तास लागला, खर्च शून्य. तार इंटरनेटच्याच खाचेत लावायची असेल, तर वरच्या राउटरच्या घरच्या बाजूला १९२.१६८.५.१ असा वेगळा गट द्यावा. दोन्ही बाजूंना एकच गट असला, तर पत्र आत द्यायचे की बाहेर, हे राउटरला कळत नाही. काही नवे राउटर हा बदल आपोआप करतात.

वर्गात हे सहज दाखवता येईल. इयत्ता सातवीच्या ‘अ’ आणि ‘ब’ तुकड्या एका खोलीत बसवा आणि हजेरी घ्या. ‘सात नंबर!’ म्हटले की दोन हात वर होतील. मग मुलांनाच विचारा, काय करता येईल? कोणी म्हणेल, ‘ब’च्या मुलांना चाळीसच्या पुढचे क्रमांक द्या. कोणी म्हणेल, ‘अ-सात’, ‘ब-सात’ म्हणा. पहिले उत्तर वरच्या राउटरचा पत्ता बदलणे, दुसरे पिनकोड. आता दोन मुलांना एकाच वेळी स्वतंत्रपणे नवे क्रमांक वाटायला सांगा; गोंधळ परत येईल. वाटणारा एकच हवा, हे मुले स्वतःच सांगतील.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती साठ्यातील जुन्या पद्धतीचे पत्ते वाटून संपले. नवे पत्ते १२८ अंकी आहेत, त्यांचा तुटवडा पडणार नाही. पण जुने राउटर आपल्या घरांत आणि शाळांत अजून बरीच वर्षे राहतील. म्हणून नवे यंत्र विकत घेण्याआधी एक प्रश्न विचारावा: येथे पत्ते वाटणारे किती जण आहेत?