पंचच जेव्हा वस्ताद असतात

कोल्हापुरात कुस्ती रंगली की आखाड्याबाहेरून वस्ताद ओरडणार, पंचांशी हुज्जत घालणार, हे आपण धरूनच चालतो. जपानच्या सुमोत असं दिसत नाही. का? कारण रिंगणाभोवती बसलेले पाचही पंच माजी पैलवान असतात, आणि तालमींमधले वस्तादही तेच! आधी निकाल देतो तो ‘ग्योजी’. शंका आली की हे पाच जण वर चढून आपसात बोलतात. ग्योजीचं म्हणणं ऐकतात, पण त्याला मत नसतं.

मार्च १९६९, ओसाका. सलग ४५ कुस्त्या जिंकलेला योकोझुना ताइहो तोदाशी लढला. ग्योजीने कौल ताइहोला दिला, पंचांनी तो फिरवला. नंतर फोटोंत दिसलं की तोदाचा पाय आधी बाहेर गेला होता. तरी निकाल तसाच राहिला. ताइहोच्या बाजूने दाद मागणार कुणाकडे? निकाल देणारेही वस्तादच होते ना!

पुढच्याच, म्हणजे मे महिन्याच्या स्पर्धेपासून पंचांच्या मदतीला व्हिडिओ आला. बाहेरून हुज्जत घालणारं कुणी नसेल, तर चूक दाखवायला दुसरं काहीतरी लागतं. सुमोत ते काम कॅमेऱ्याकडे आलं.