अर्ध्या तिकिटाची मुंबई

माझ्या मुलाने मे महिन्यातल्या चार दिवसांच्या मुंबईचा तक्ता करून मला मोबाइलवर पाठवला आहे. त्यात तीन रंग आहेत. पिवळा चार वर्षांच्या नातीचा, हिरवा नऊ वर्षांच्या नातीचा, निळा चौदा वर्षांच्या नातवाचा. पेंग्विन पिवळे. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र हिरवं. फोर्टातल्या जुन्या इमारती निळ्या, कारण नातवाला हल्ली फोटोंचा नाद आहे. मला रंग नाही. मी बहुधा डब्याच्या खात्यात.

चिडून सांगत नाही. तक्ता बघून मला आमची 1969 च्या मे महिन्यातली मुंबई आठवली, एवढंच. त्या मुंबईचा तक्ता मामाच्या पाळीवर ठरला होता. आम्ही कराडचे, मामा लालबागला गिरणीत. त्याची दुपारची पाळी असली की सकाळ आमची. रात्रपाळी असली की आम्ही सकाळभर चाळीच्या गॅलरीत हळू आवाजात पत्ते खेळायचे, कारण आत मामा झोपलेला. कुठल्या मुलाला काय आवडतं हा प्रश्न कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. आम्ही तिघं होतो: दादा चौदा वर्षांचा, मी दहाची आणि बेबी, जी अजून कडेवरून उतरायला तयार नसायची.

खरी वयाची चर्चा व्हायची ती एसटीत. दादाला नुकती मिसरूड फुटत होती आणि आईच्या मते तो अजून अर्ध्या तिकिटातला होता. कंडक्टरने दादाकडे बघितलं, मग आईकडे बघितलं आणि विचारलं, "मावशी, कितवीला हाय?" दादा प्रामाणिकपणे "नववीत जाणार," म्हणाला. वडिलांनी न बोलता पूर्ण तिकिटाचे पैसे काढले. आई थेट पुणं येईपर्यंत दादाशी बोलली नाही. पुढे 'हाफ टिकट' नावाचा 1962 चा सिनेमा बघितला. त्यात किशोरकुमार अर्ध्या तिकिटात मुंबई गाठायला चक्क लहान मूल बनतो. सगळे हसत होते. मला आईचा चेहरा आठवत होता.

मुंबई 'बघायला' जाणं ही आपल्याकडची चाल तशी फार जुनी नाही. पोटासाठी, व्यापारासाठी, कोर्टकचेरीसाठी माणसं आधीपासून जातच होती. पण बायकामुलं घेऊन नुसतं बघायला जायचं तर वाट सोपी हवी. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, ती घाटाच्या पायथ्याला खोपोलीपर्यंत 1856 मध्ये पोचली. 1858 मध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मध्ये राहिला बोरघाट. खालच्या गाडीतून उतरायचं, पालखीने, तट्टावरून नाहीतर पायी घाट चढायचा आणि वरची गाडी पकडायची. कडेवर एक, बोटाला एक आणि मागे रेंगाळणारं एक असं लटांबर घेऊन हा घाट चढणारी बाई माझ्या डोळ्यांसमोर लगेच उभी राहते. 1863 मध्ये घाटातला लोहमार्ग पुरा झाला आणि पुण्याहून एका दमात मुंबईला उतरता येऊ लागलं. त्याच वर्षी गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' छापून आलं. मराठीत या शहरावरचं एवढं सविस्तर पुस्तक त्याआधी नव्हतं. गाडी आणि पुस्तक एकाच वर्षी यावं हा योगायोग असेल, पण मला तो आवडतो.

आणि त्याच्या आदल्या वर्षी, 1862 मध्ये, भायखळ्याला बाग उघडली होती. सरकारी नाव व्हिक्टोरिया गार्डन्स, लोकांच्या तोंडी राणीची बाग. आता ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. पाटी बदलली तरी लोकांना बोलणं बदलावं लागलं नाही, राणी इथेही होती आणि तिथेही. मुळात ही झाडांची बाग. पिंजरे नंतर आले. त्याच आवारात 1872 मध्ये संग्रहालय उघडलं. त्याच्यामागे डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट, जॉर्ज बर्डवुड अशी मंडळी होती आणि 1975 पासून त्याला भाऊ दाजींचंच नाव आहे. हा संग्रह आधी फोर्टातल्या एका बराकीत मांडला होता. 1857 च्या धामधुमीत फौजेला ती जागा हवी झाली आणि त्या घाईत पुष्कळ वस्तूंची नासधूस झाली.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की वेगवेगळ्या वयांची मुलं घेऊन जायला मुंबईत इतकी सोयीची दुसरी जागा माझ्या माहितीत नाही, आणि ती तशी कोणी ठरवून केलेली नाही. वनस्पतींच्या अभ्यासकांनी झाडं लावली, हौशी लोकांनी वस्तू जमवल्या, मग प्राणी आले. परिणाम असा की सगळ्यात धाकट्याला हत्ती, मधल्याला माकडं, थोरल्याला संग्रहालयातल्या छोट्या छोट्या मातीच्या मूर्ती आणि म्हाताऱ्यांना वडापिंपळाची सावली. लालबागहून आम्ही तिथे चालत गेलो. बसचे पैसे वाचतात आणि पोरं दमतात, हे मामाचं दुहेरी शास्त्र.

संग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती आहे. मला त्या वेळी तो पिंजऱ्यातल्या हत्तीपेक्षा जास्त आवडला, कारण त्याच्याजवळ जाता येत होतं. हा हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच्यावरून. 1814 मध्ये तो कोसळला. 1864 मध्ये त्याचे तुकडे विलायतेला न्यायचं घाटत होतं, पण उचलताना यारी मोडली आणि तुकडे इथेच राहिले. पुढे विसाव्या शतकात कोणीतरी चिकाटीने ते जोडले. विलायतेला निघालेला हत्ती भायखळ्यापर्यंतच पोचला म्हणायचा. मामाने यातलं काही सांगितलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "ह्यो खोटा हाय, पर खऱ्यापेक्षा म्हातारा हाय."

दुसऱ्या दिवशी मलबार हिल. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळावी म्हणून आम्ही दोन बसेस सोडल्या. मुंबईत दुमजली बस 1937 मध्ये आली. ट्राम मात्र आमच्या आधी पाच वर्षं, 31 मार्च 1964 ला, बंद झालेली. मामा रुळांच्या खुणा दाखवत होता आणि दादा मान लांब करून बघत होता. हँगिंग गार्डनला गेल्यावर मामा म्हणाला, "तुमच्या पायाखाली पाणी हाय." 1881 मध्ये ही बाग केली ती पाण्याच्या मोठ्या टाकीच्या छतावर, मुंबईचं पिण्याचं पाणी झाकलेलं राहावं म्हणून. दादाने हिरवळीवर उताणं पडून, मग पालथं पडून जमिनीला कान लावला. माळ्याने हाकललं. समोरच्या कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट. ती बाग 1952 ची, आणि ती म्हातारी इंग्रजी बडबडगीतातली, आमच्या कराडच्या शाळेत आलेली नव्हती. आम्हाला वाटलं, कुणा म्हातारीची चप्पल हरवली असेल, म्हणून हा बूट. मी आणि बेबी आत शिरलो. दादा बाहेर थांबला. चौदा वर्षांच्या मुलाने बुटात शिरायचं की नाही याचा निकाल त्याला एकट्यालाच लावावा लागला.

तिसऱ्या दिवशी मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय. एका पारशी कुटुंबाच्या देणगीतून 1951 मध्ये उभं राहिलेलं. दादाला मुंबईत खरं म्हणजे तेवढंच बघायचं होतं. त्याच्या भूगोलाच्या मास्तरांनी समुद्राखालच्या जगाबद्दल काही सांगितलं होतं, आणि तो आठवडाभर शार्क, शार्क करत होता. आत काळोख. काचेमागे हिरवट उजेड. बेबीने पाच पावलं टाकली आणि जी भोकाड पसरली ती थांबेना. मामा मला घेऊन पुढे गेला होता, वडील तिकिटांपाशी. दादाने तिला उचललं आणि बाहेर आला. आम्ही तासाभराने बाहेर आलो तेव्हा तो समुद्राच्या कट्ट्यावर बसला होता, बेबी त्याच्या खांद्यावर झोपलेली. तिला उठवलं असतं तर तो आत जाऊ शकला असता. उठवलं नाही. मामाची पाळी होती, परत निघायचं होतं.

त्या काळच्या मुंबईच्या सहलीबद्दल लोक आता फार गोड लिहितात. एका खोलीत नऊ माणसं, तरी कसं आनंदात. आनंद होता, मीही होते त्यात. पण तो आनंद कुणाच्या तरी खांद्यावर झोपलेला असायचा. आईने त्या आठवड्यात राणीची बाग आणि महालक्ष्मीचं देऊळ एवढं बघितलं. बाकी दिवस ती मामीबरोबर पहाटे नळावर, मग चुलीपाशी, मग गॅलरीत कपडे वाळत घालताना. गेटवे ऑफ इंडिया तिने पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या साठीत. डिसेंबर 1924 मध्ये त्याचं उद्घाटन झालं होतं; तो आईपेक्षा थोडाच मोठा. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "एवढाच व्हय?"

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मामा पुन्हा गिरणीत गेलाच नाही. दोन वर्षांनी तो गावी आला, पुढे खोली विकली. कराड, पाटण, साताऱ्याकडच्या किती घरांची मुंबई त्या संपाने बंद केली असेल. लालबागला कुणीतरी असणं यावरच ती सहल उभी होती. हॉटेलात राहून मुंबई बघायची ही कल्पना आमच्याकडे श्रीमंतीची नव्हती, ती विचित्र होती. ज्या शहरात आपलं माणूस नाही तिथे मुलं घेऊन जायचं कशाला?

मी मात्र जात राहिले, शाळेच्या सहली घेऊन. एसटीची सवलत, पन्नास मुलं, चार बाई, दोन गुरुजी, चिवड्याचे डबे. मला लोक विचारतात, एवढी पोरं सांभाळायची म्हणजे किती अवघड. छे. एकाच वयाची पन्नास मुलं नेणं सोपं. सगळ्यांना एकाच वेळी भूक लागते, एकाच वेळी कंटाळा येतो आणि तारांगणात सगळी एकाच वेळी झोपतात. (नेहरू तारांगण 1977 चं. तिथली खुर्ची मागे झुकते. दुपारी जेवणानंतर मुलांना तिथे नेऊ नये, हा माझा अनुभव.) वेगवेगळ्या वयांची तीन नेणं खरं अवघड, कारण तिथे कोणीतरी एक नेहमी बाहेर कट्ट्यावर बसतं.

म्हणून मुलाच्या रंगीत तक्त्याला मी हसत नाही. त्याने नातवाला निळा रंग दिला आहे. त्या रंगाच्या वेळी नातवाने धाकटीला उचलायचं नाही, असं त्याने कंसात लिहिलंय. ते वाचून मी मोबाइल जरा वेळ तसाच धरून बसले.

तक्त्यातल्या चुका मात्र काढल्या. बुधवारी राणीची बाग ठेवली होती. बुधवारी बाग बंद आणि संग्रहालयही बंद. सोमवारी घारापुरी बंद. तिकिटाचं गणितही त्याला समजावलं. पेंग्विन आले 2016 मध्ये, दक्षिण कोरियाहून, आणि 2017 मध्ये बागेचं पाच रुपयांचं तिकीट एकदम पन्नासवर गेलं. त्यात कुटुंबासाठी शंभर रुपयांची सोय केली: आई, वडील आणि पंधरा वर्षांपर्यंतची दोन मुलं. महापालिकेच्या मनातलं कुटुंब चौघांचं. तिसरं मूल आणि आजी त्या शंभरात बसत नाहीत. आम्ही सहा.

पण नंतर मी आणखी एक माणूस वाढवला. दादाला फोन केला. तो आता सत्तरीत, कराडलाच असतो. पासष्ट ते पंचाहत्तरच्या माणसांना एसटीत अर्धं तिकीट आहे. 2023 पासून बायकांनाही अर्धं. म्हणजे त्याचं अर्धं, माझं अर्धं, बेबी आली तर तिचंही अर्धं. मी त्याला म्हटलं, "चल, आता तुझं अर्धं तिकीट आई न सांगता लागतं." तो बराच वेळ हसला.

मग म्हणाला, "मत्स्यालय बघू?"

ते गेली काही वर्षं बंद आहे. 2015 मध्ये नवं करून, डोक्यावरून मासे जातील असा काचेचा बोगदा वगैरे बसवून उघडलं होतं, कोविडपासून बंद. मी त्याला सांगितलं. तो "अच्छा" म्हणाला. मग विचारलं, "तो दगडी हत्ती आहे ना जागेवर?"

"आहे."

"मग मंगळवारी येतो."

संध्याकाळी बेबीला फोन केला. तीही यायचं म्हणते. मी तिला कट्ट्यावरची ती गोष्ट सांगितली, ती कशी रडली, दादा कसा बाहेर बसला. ती म्हणाली, "मत्स्यालय? मला तर मुंबईचा फक्त बूट आठवतो गं."