जुनी मोटार आणि मिस्त्रीचा श्वास

मोटारीचा इतिहास सांगताना लोक कारखानदारांची नावे घेतात आणि गाडीच्या वेगाचे कौतुक करतात. आम्ही येथे तिच्या सुरक्षा-साधनांचा इतिहास मांडणार आहोत. माणसे मेल्याशिवाय त्यातले पान सहसा उलटलेले नाही.

आरंभीच्या मोटारींची पुढची काच साध्या खिडकीची असे. धडक बसली की तिचे सुरे होत. १९०३ साली बेनेदिक्त्यूस नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून एक बाटली पडली. ती तडकली, पण विखुरली नाही, कारण आत वाळलेल्या द्रावणाचा पापुद्रा होता. दोन काचांमध्ये पातळ थर घालून केलेली सुरक्षित काच त्यातूनच निघाली. छाती आणि कंबर दोन्ही धरून ठेवणारा पट्टा व्होल्व्होच्या नील्स बोलिन यांनी १९५९ साली आणला, आणि कंपनीने तो सर्वांना खुला ठेवला. आपल्या देशात पुढच्या आसनांना पट्टे सक्तीचे व्हायला १९९४ साल उजाडले. पस्तीस वर्षे औषध ठाऊक होते, पण रोग्याला मिळाले नाही!

आता आपल्या मुलखाकडे वळू. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे त्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट आणि बंगालमधली ॲम्बॅसडर या आमच्या पिढीच्या गाड्या. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया तर साताऱ्याच्याच कामगारांनी घडविली. या गाड्या हौशी मंडळी आता पुन्हा सजवतात. कामगाराच्या हातचे काम कोणी जपले, तर आम्हांला आनंदच आहे.

कायद्यानेही या हौशीला जागा दिली. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. ती प्रदर्शनाला वा फेरीला न्यावी. रोजच्या वा धंद्याच्या वापराला आणू नये. पट्ट्याचा नियम असा की, नियमाप्रमाणे पट्टे बसविलेल्या गाडीत ते बांधलेच पाहिजेत. पण ज्या गाडीला ते मुळातच नव्हते, तिचे काय? तेथे कायद्यापेक्षा शहाणपणाची गरज अधिक. त्या काळच्या बहुतेक गाड्यांच्या ब्रेकना तेलाचा एकच मार्ग असे. एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. खंबाटकीच्या उतारावर मूळ रूपाचा अभिमान उपयोगी पडत नाही. नळ्या आणि रबरे नवी घालावीत, पक्क्या सांगाड्याला पट्टे बसवावेत, हाताशी अग्निशामक नळकांडे ठेवावे. प्रियावर बसणाऱ्याला शिरस्त्राण हवेच. स्कूटर जुनी म्हणून डोके जुन्या काळाचे होत नाही.

परंतु गाडी रस्त्यावर येण्यापूर्वी ती मिस्त्रीच्या हाताखालून जाते, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडून हवेचा फवारा मारला की ती धूळ छातीत जाते, आणि कर्करोगाचे बिल वीस-तीस वर्षांनी येते. तोपर्यंत गाडीही विकली गेलेली असते आणि मालकही बदललेला असतो. म्हणून धूळ ओल्या फडक्याने पुसावी. तोंडाला रुमाल पुरत नाही, गाळणीचा मुखवटा लागतो. रंगाच्या फवाऱ्यालाही योग्य मुखवटा आणि मोकळी हवा हवी. घासकाम करताना डोळ्याला चष्मा हवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, लोखंडी टेकू लावावेत. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी आतली वाफ पेट घेते. ती पूर्ण निर्धोक केल्याशिवाय झाळकाम करू नये.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३५ व्या कलमाने कामगाराच्या डोळ्यांसाठी चष्मे वा पडदे देण्याची तरतूद केली. पण तो कायदा मुळात यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, दहा वा अधिक कामगारांच्या कारखान्याला लागे. २०२० च्या नव्या संहितेतही दोन मिस्त्री आणि एक पोऱ्या एवढ्यावर चालणारे गॅरेज सहसा बाहेरच राहते. जेथे धोका रोजचा, तेथेच कायद्याचा हात आखडतो, हा आमच्या चळवळीचा जुना अनुभव आहे.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. जो गृहस्थ जुन्या गाडीच्या मूळ दिव्यासाठी आणि मूळ चिन्हासाठी पदरचे पैसे मोजतो, त्याने त्याच हिशेबात मुखवटा, चष्मा आणि टेकू यांचाही खर्च धरावा. गाडी पन्नास वर्षांपूर्वीची असू द्या. तिच्याखाली निजून काम करणारा माणूस आजचा आहे, आणि त्याचा श्वास सुटा भाग म्हणून कोणत्याही बाजारात मिळत नाही.